गायकवाडांचं आरमार: शहराला समुद्र नव्हता, संस्थानाला होता

कोठीवाला (धागाकर्ता)

बडोद्याच्या मराठी घरात आरमाराचा विषय निघाला की गाडी सरळ सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कान्होजी आंग्रे अशी सुटते. सुटू दे, आपलीच माणसं आहेत. पण ज्या संस्थानाच्या नोकरीवर आपल्या आज्या-पणज्यांची घरं चालली, त्याचंही आरमार होतं असं दांडिया बाजारात कुणाला सांगून बघा. समोरचा आधी हसेल, मग "सूरसागरात का?" (म्हणजे शहरातल्या तळ्यात) असं विचारेल.

आधी नकाशा. बडोदं संस्थान हा सलग मुलूख नव्हता. बडोदं, कडी, नवसारी, अमरेली हे चार प्रांत आणि पार पश्चिमेच्या टोकाला ओखामंडळ; मध्ये सगळीकडे इंग्रजांचे जिल्हे आणि काठियावाडातली लहानमोठी संस्थानं. यातल्या तीन तुकड्यांना समुद्र लागत होता. नवसारी प्रांतात अंबिका नदीवरचं बिलीमोरा. अमरेली प्रांताच्या कोडीनार महालात वेलण आणि मूळ द्वारका. आणि ओखामंडळात द्वारका, बेट (म्हणजे बेट द्वारका), ओखा. एकाच मालकाचे तीन किनारे, पण एकावरून दुसऱ्यावर जायचं तर दुसऱ्याच्या समुद्रातून जावं लागे.

आरमाराचं ठाणं बिलीमोऱ्याला. 'बंदर बिलीमोरा सुभा आरमार' असं त्याचं नाव कागदोपत्री येतं, आणि पन्नास जहाजांचा आकडाही. हा आकडा हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा सोबत तोफा धडाडणाऱ्या मोठ्या जहाजांचं चित्र असतं. ते चित्र काढून टाका. त्या पन्नासात बहुतेक मालवाहू शिडाची गलबतं होती, आणि त्यांच्या राखणीला काही हत्यारबंद. दक्षिणेला दमणमध्ये पोर्तुगीज. उत्तरेला सुरतेत इंग्रज, ज्यांनी १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला घेतला आणि मोगलांच्या आरमाराची सनद व त्याचा तनखाही सिद्दीकडून आपल्याकडे ओढला. समोर खंभातच्या आखातात तळाज्याच्या बाजूचे कोळी दर्यावर्दी, जे कुणाचंच दस्तक (परवाना) मानत नसत. या तिघांच्या मधून आपलं तांदूळ-लाकूड सुखरूप न्यायचं आणि आपल्या बंदरात येणाऱ्याकडून जकात घ्यायची, एवढंच या आरमाराचं काम.

थोडक्यात ते लढाईचं आरमार नव्हतं, जकातीचं होतं. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट माझं म्हणणं असं की गुजरातच्या किनाऱ्याला कायम हेच लागत आलंय: लहान, उथळ पाण्यात चालणारी, किनाऱ्याला धरून राहणारी जहाजं. मोठ्या आरमाराच्या कौतुकात आपण ही गोष्ट विसरतो.

संपलं कसं? १८०२ मध्ये मेजर वॉकर रेसिडेंट म्हणून आला, १८०५ चा तह झाला, तीन हजारांची तैनाती फौज बडोद्याच्या खर्चाने उभी राहिली आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीच्या हातात गेला. ज्याला शेजाऱ्याशी स्वतः भांडायचीच मुभा नाही त्याला हत्यारबंद गलबत कशाला?

जाणकारांनी भर घालावी.


सूरसागर

वाचनखूण साठवली. सूरसागरात का, हा प्रश्न मीच विचारला असता. :)

गुराब आणि गलबत यात नेमका फरक काय? शाळेत नुसती नावं पाठ केली होती.


कोठीवाला

गुराब मोठं. दोन किंवा तीन डोलकाठ्या, साधारण दीडशे ते तीनशे टन, पुढचं टोक लांब आणि निमुळतं. त्या टोकाच्या मागे सरळ पुढे मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याच्या निम्म्याहून लहान, सत्तर टनांच्या आतबाहेर. शीड असतंच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की युरोपियन जहाज जागच्या जागी डुलत राहतं आणि गलबत वल्ही मारत त्याच्या पिछाडीला येतं, जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत. गरज पडली तर गलबतंच गुराबेला ओढून जागेवर आणत. आंग्र्यांची सगळी करामत या जोडीवर होती. बिलीमोऱ्याला गलबतांचाच भरणा, कारण नदीचं पाणी.


अंबिकातीर

नदीच्या पाण्याबद्दल मी बोलतो, गाव माझं आहे. आमचं घराणं नवसारी प्रांतात फौजदारी कचेरीत आलं आणि इथेच राहिलं. घरात मराठी, ओट्यावर गुजराती.

बिलीमोरा समुद्रावर नाही, समुद्रापासून आत खाडीवर आहे. भरती आली की आत यायचं, ओहोटीला गाळात बसायचं. उधाणाच्या मोठ्या भरतीला जे जहाज आत येईल ते भांगाच्या लहान भरतीला येईलच असं नाही. आमच्याकडचे माछी आणि टंडेल आजही तिथीवर बोलतात, घड्याळावर नाही. खंभातच्या आखातात आत भावनगरकडे तर भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या वर जातो. जगात फार थोड्या ठिकाणी इतका आहे. अशा पाण्यात खोल बुडाचं जहाज म्हणजे अडकलेलं जहाज. शत्रूचंही आणि आपलंही. त्यामुळे बिलीमोऱ्याला तटबंदीची फार गरज पडली नाही, गाळानेच राखण केली.

दुसरी गोष्ट लाकूड. डांगचा साग. पूर्ण पश्चिम किनाऱ्यावर जहाजबांधणीला ज्या सागाची वाखाणणी झाली, त्यातला बराच आमच्या मागच्या जंगलातून खाली उतरे. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून गेले, तेव्हा हात आणि लाकूड दोन्ही इकडचंच होतं. नंतर गायकवाडांनी वघईपर्यंत छोटी रेल्वे टाकली तीही याच सागासाठी. आता त्या गाडीत लोक पावसाळ्यात फोटो काढायला बसतात.

माझ्या मते आरमार बिलीमोऱ्याला असण्याचं पहिलं कारण लाकूड आणि दुसरं जकात. धागाकर्त्यांनी क्रम उलटा लावलाय.


कोठीवाला

क्रमावर भांडणार नाही. पण साग तर दमणला आणि वलसाडलाही पोचत होता. जकात मात्र फक्त स्वतःच्या बंदरात घेता येते.


जंजिरे_मोहीम

सगळं ठीक. पण १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना बोलावून विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जाळलं नसतं तर पुढे सुरत, मुंबई, बिलीमोरा सगळीकडचा इतिहास वेगळा झाला असता. मुळावरच घाव घातला.


रावपुरा_टॉवर

आलाच. पंचवीस प्रतिसादांच्या आत हा मुद्दा येणार यावर मी नवऱ्याशी पैज लावली होती.

एक, तुळाजी आंग्रे पेशव्यांनाच नव्हे, किनाऱ्यावरच्या निम्म्या मराठी सरदारांना जड झाला होता. दोन, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात जहाजं जळाली हे खरं, पण त्यानंतरही विजयदुर्गाला पेशव्यांचं सुभा आरमार धुळपांच्या हाताखाली उभं राहिलं. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचं 'रेंजर' आणि त्याच्या सोबतची जहाजं पकडली, तीही याच "संपलेल्या" आरमाराने. नानासाहेबांची चूक होती असं मलाही वाटतं, फक्त ती गुजरातच्या किनाऱ्यावर ओढून आणू नका. गायकवाडांचं पेशव्यांशी स्वतंत्र दुखणं होतं; दमाजीरावांना १७५१ मध्ये कैद करून अर्धा गुजरात लिहून घेतला होता.

तुळाजीसाठी वेगळा धागा काढा, मी येते तिथे.


जंजिरे_मोहीम

काढतो. तयारीने या.


लष्करकर

ग्वाल्हेरहून रामराम. आमच्याकडे तर तेवढाही किनारा नाही, पण समुद्राचं एक प्रकरण आहे. अवांतर वाटलं तर संपादकांनी उडवावं.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर माधवराव शिंद्यांनी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही जुनी आगबोट विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज म्हणून दिली. १९१५ मध्ये तिचं नाव 'लॉयल्टी' ठेवलं. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी तीच बोट घेतली आणि कंपनीला नाव दिलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो यामुळे. म्हणजे कोरड्या ग्वाल्हेरच्या राजाचं नाव देशाच्या सागरी व्यापारावर कोरलं गेलं आणि किनारा असलेल्या बडोद्याचं नाही. :)

शिवाय कान्होजींच्या आंग्रे घराण्याची एक शाखा शिंद्यांच्या दरबारी आली ती इथेच राहिली. दर्यावरचे सरदार चंबळेच्या खोऱ्यात घोड्यावर.


छप्पन_दुकान

इंदूरकर या नात्याने नोंदवतो की होळकरांच्या नावा महेश्वरला नर्मदेत होत्या आणि त्यांच्यावर अहिल्याबाईंची कृपा होती. त्यापुढे आमचं आरमार गेलं नाही. चालू द्या.


सूरसागर

'लॉयल्टी' अजून कुठे जपलीय का?


लष्करकर

नाही हो. तिकीटं परवडेनात, कोळशाचा खर्च निघेना. १९२३ मध्ये मुंबईत मोडीत काढली.


कोठीवाला

लष्करकर, अवांतर अजिबात नाही. आणि बडोद्याचं नाव कोरलं गेलं नाही हे मान्य नाही. त्यासाठी ओख्याला जावं लागेल, म्हणून तेच लिहितो.

ओखामंडळ बडोद्याकडे आलं ते लढून नाही, इंग्रजांच्या हातून. तिथले वाघेर आणि बेटाचे लोक कच्छच्या आखाताच्या तोंडावर बसून येणारी-जाणारी जहाजं अडवत. १८०७ च्या सुमारास वॉकरने त्यांच्याकडून लिहून घेतलं की लूटमार थांबवू. थांबली नाही. १८१६ मध्ये इंग्रजी फौज गेली आणि १८१७ च्या तहाने प्रांत गायकवाडांना दिला. १८२० मध्ये पुन्हा उठाव, कर्नल स्टॅनहोपने द्वारका घेतली. मग १८५७ नंतर जोधा माणेक आणि मुळू माणेक यांच्या हाताखाली मोठा उठाव झाला. बेट आणि द्वारका दोन्ही वाघेरांच्या ताब्यात, बडोद्याचे शिबंदीचे लोक पळाले. ऑक्टोबर १८५९ मध्ये इंग्रजी जहाजांनी बेटाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. पहिला हल्ला वाघेरांनी परतवला, गोऱ्या फौजेचं बरंच नुकसान झालं; रात्री ते किल्ला सोडून निघून गेले. पुढचं लाजिरवाणं आहे. फौजेने बेटाची देवळं लुटली.

या जहाजांच्या दलाचं तेव्हाचं नाव 'इंडियन नेव्ही' असंच होतं. कंपनीच्या जुन्या बाँबे मरीनचं १८३० मध्ये हे नामांतर झालं आणि १८६३ मध्ये ते दल बरखास्त झालं.

आता प्रश्न असा: ज्याचा मुलूख त्याच्याकडे तोपर्यंत स्वतःचं एक लढाऊ जहाज नव्हतं. बडोद्याच्या किनाऱ्यावर बडोद्याच्या प्रजेवर दुसऱ्याने तोफा डागल्या आणि खर्च बडोद्याने भरला. बिलीमोऱ्याचं आरमार सोडून दिल्याची किंमत मला इथे दिसते.


मिठापूर_कॉलनी

माझं लहानपण मिठापूरला टाटा केमिकल्सच्या कॉलनीत गेलं, आता गोत्रीला राहते. तुमचा इतिहास बडोद्याच्या खिडकीतून लिहिलेला आहे हे नम्रपणे सांगते.

तिकडे जोधा आणि मुळू माणेकांची गाणी लग्नात म्हणतात. वाघेरांच्या दृष्टीने गायकवाड आणि इंग्रज दोन्ही परके. त्यांच्या जमिनींचं काय, ठरलेल्या नेमणुका वेळेवर का मिळत नाहीत, या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या आणि बडोद्याचे कामगार दूरच्या बदलीवर आल्यासारखे दिवस काढत. बेटाला तुमच्याकडे चांगलं गलबत असतं तर तुम्ही ते त्यांच्यावरच चालवलं असतं. जहाज नसल्याचा मला खेद होत नाही.

मुळू माणेक १८६८ मध्ये पडला. त्याचा पाळिया (स्मारकाचा दगड) पोरबंदरच्या बाजूला आहे, लोक अजून शेंदूर लावतात.


कोठीवाला

लागलं, पण बरोबर बोललात. शिबंदीचा पगार वेळेवर देणं हे गलबत बांधण्यापेक्षा स्वस्त पडलं असतं. पुढे वाघेरांचीच पलटण उभी केली, ओखामंडळ बटालियन, तेव्हा जरा शांतता झाली. हा उपाय पन्नास वर्षं आधी सुचायला हवा होता.

सयाजीराव महाराजांच्या काळात मात्र ओख्याकडे बघायची नजर बदलली. काठियावाडातली बरीच बंदरं पावसाळ्यात बंद पडतात. ओखा बाराही महिने चालतं, कारण बेटाचा आडोसा आणि खोल पाणी. १९२६ मध्ये नवं बंदर सुरू झालं. इंग्रज इतके अस्वस्थ झाले की काठियावाडी बंदरांचा माल मुंबईला डोईजड होतोय म्हणून १९२७ मध्ये विरमगामची जकातीची नाकाबंदी पुन्हा घातली, जी गांधीजींच्या पाठपुराव्याने १९१७ मध्ये उठली होती. शंभर-सव्वाशे वर्षांनी बडोदं पुन्हा समुद्रावरच्या जकातीसाठी इंग्रजांशी भांडत होतं. यावेळी कागदावर.


निवृत्त_इंजिनरूम

बरेच दिवस नुसता वाचत होतो. मांजलपूरला राहतो, नौदलात इंजिनरूममध्ये होतो, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकलो. ओख्याचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो.

१९६५ आणि १९७१, दोन्ही युद्धांत बडोद्याचा तो जुना तुकडाच आघाडीवर होता हे कुणी लिहिलं नाही.

७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानची सात जहाजं द्वारकेसमोर आली आणि काही मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास गोळे टाकून गेली. बहुतेक मऊ जमिनीत रुतले, कित्येक फुटलेच नाहीत. मंदिराला काही झालं नाही. नुकसान फार नव्हतं, चीड होती. आपलं 'तलवार' जवळच ओख्याला दुरुस्तीला लागलेलं होतं. आणि नौदलाला दिल्लीचा हुकूम होता की पोरबंदरच्या अक्षांशाच्या वर जायचं नाही. आमचे जुने लोक हे सांगताना आजही शिव्या देत.

१९७१ ला हिशेब चुकता झाला, आणि इथे मी धागाकर्त्यांच्या पहिल्या मुद्द्यावर येतो. रशियाकडून आठ मिसाईल बोटी आल्या: वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक, निर्घात. एकेक जेमतेम दोनशे टनांची. बंदराच्या राखणीसाठी बनवलेल्या. पल्ला कमी, लाटांत हाल. कोलकात्याला उतरवल्या, कारण तेवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. तिथून ओढत मुंबईला आणल्या. असली बोट कराचीपर्यंत जाणार कशी? मोठ्या जहाजांनी ओढत न्यायची, इंधन वाचवायचं, जवळ पोचल्यावर सोडायची. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर, सोबत किल्तान आणि कच्छल. पाकिस्तानची विनाशिका 'खैबर' बुडाली, सुरुंग काढणारं 'मुहाफिज' बुडालं, दारूगोळा घेऊन येणारं 'व्हीनस चॅलेंजर' बुडालं. आपलं एकही माणूस गेलं नाही. चार दिवसांनी 'विनाश' एकटी गेली, त्रिशूल आणि तलवारच्या सोबतीने, आणि कराचीच्या केमारी भागातल्या तेलाच्या टाक्या पेटवून आली. हीच 'तलवार' १९६५ ला ओख्यात अडकली होती.

वर गुराब आणि गलबताबद्दल वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. मोठ्याने लहान ओढायचं की लहानाने मोठं, एवढाच फरक.

पाकिस्तानी विमानांनी ओख्यावर बाँब टाकून इंधनाच्या टाक्या उडवल्या. बोटी तिथून आधीच हलवल्या होत्या.

आणि ९ डिसेंबर. दीवसमोर 'खुकरी'. पाणबुडी 'हंगोर'ने टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दीवला स्मारक आहे. बडोद्याहून लोक दीवला कशासाठी जातात ते सगळ्यांना माहीत आहे. जाल तेव्हा तिकडेही जा.


रावपुरा_टॉवर

काका, हे वेगळ्या लेखात सविस्तर लिहा. कृपया.


निवृत्त_इंजिनरूम

टायपिंगचा कंटाळा. नातू बोलून लिहायचं शिकवतोय.


मकरपुरा_एटीएस

मस्त धागा. लष्कराची ईएमई शाळा आपल्याकडे, हवाई दलाचा तळ आपल्याकडे, नौदल तेवढं नाही, त्यामुळे बेसिक प्रश्न विचारतो. समुद्रावर नौदल, तटरक्षक दल, मरीन पोलीस, कस्टम, बीएसएफ सगळेच दिसतात. कोण कुठपर्यंत? आणि आपल्याकडे अमेरिकेसारखे मरीन्स आहेत का?


निवृत्त_इंजिनरूम

नातवाला बसवून लिहितोय.

किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैल हे आपलं पाणी. २४ पर्यंत कस्टमसारखे कायदे चालवता येतात. २०० पर्यंत मासे, तेल, वायूवर हक्क आपला, पण जहाजं कुणाचीही जाऊ शकतात. पोलिसांच्या बोटी साधारण पाच मैलांपर्यंत. तटरक्षक दल १९७७ मध्ये सुरू झालं, मुख्यतः तस्करी वाढली आणि मुंबई हायला तेल लागलं म्हणून. त्यांचं वायव्य विभागाचं मुख्यालय गांधीनगरला आहे. कच्छच्या सीमेवर सर क्रीकच्या चिखलात बीएसएफचे क्रीक क्रोकोडाइल कमांडो. तिथे जमीन की पाणी हे दिवसातून दोनदा बदलतं. २६/११ ची 'कुबेर' ट्रॉलर पोरबंदरची होती. त्यानंतर एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलावर दिली आणि २००९ मध्ये सागर प्रहरी बल उभं केलं: वेगवान लहान बोटी, बंदरं आणि तळांच्या राखणीला.

अमेरिकेसारखे वेगळे मरीन्स नाहीत. मार्कोस हे नौदलाचे कमांडो आहेत, १९८७ पासून, पण ते मोजके आणि खास कामाचे. किनाऱ्यावर फौज उतरवायची तर जहाज नौदलाचं आणि पायदळ लष्कराचं. यात समन्वयाची डोकेदुखी असते, पण आपला किनारा राखायचा जास्त आणि उतरायचा कमी, त्यामुळे मला हे ठीक वाटतं.

नौदलात सगळ्यांना मोठ्या जहाजावर पोस्टिंग हवं असतं. विमानवाहू मिळालं की घरी पेढे. ओख्याच्या बोटीवर पाठवलं की चेहरे पडतात. कामाचा डोंगर मात्र ओख्याला.


अंबिकातीर

आणि मासेमार? आमच्याकडचे, वलसाड-नवसारीचे कितीतरी खलाशी ओखा, पोरबंदर, जखौच्या बोटींवर हंगामाला जातात. सीमारेषा पाण्यावर आखलेली नसते. जाळं ओढत बोट पलीकडे गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी धरून नेते, माणूस वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात. बोटींवर आता यंत्रं बसलीत. तरी मासा ज्या बाजूला, बोट त्या बाजूला. या लोकांना नौदलाचे "कान आणि डोळे" म्हणायची फॅशन आहे. कान-डोळ्यांचा विमा कोण भरतो ते विचारा.


मिठापूर_कॉलनी

अंबिकातीर, हे शंभर टक्के. आणि बायका. नवरा तुरुंगात असताना घर चालवणाऱ्या बायकांबद्दल एकही ओळ कुठल्या सागरी सुरक्षेच्या चर्चेत नसते.


मकरपुरा_एटीएस

धन्यवाद काका. भर घालतो. आपल्या इथे टाटा-एअरबसचा सी-२९५ चा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. हवाई दलाच्या ५६ पैकी ४० विमानं बडोद्यात बनणार. त्याच विमानाची सागरी टेहळणीची आवृत्ती नौदल आणि तटरक्षक दलासाठी घ्यायला २०२४ मध्येच प्राथमिक मंजुरी मिळाली आहे. म्हणजे बडोदं पुन्हा समुद्राच्या कामाला लागतंय, वरून का होईना.


जंजिरे_मोहीम

आणि जून २०२५ मध्ये आलेलं नवं 'आयएनएस अर्नाळा' विसरू नका. पाणबुड्या शोधणारं, खास उथळ पाण्यासाठी. असल्या सोळा जहाजांची मालिका आहे. 'खुकरी'च्या वेळी हे असतं तर... आणि नाव वसईजवळच्या किल्ल्याचं. आपला झेंडा. :)


निवृत्त_इंजिनरूम

"असतं तर" म्हणू नका. १९७१ ची सोनार आणि आजची यात जमीन-अस्मानाचा फरक. पण उथळ पाण्यासाठी वेगळं जहाज लागतं हे नौदलाने मान्य केलं ते बरं झालं. उथळ पाण्यात तळावरून आवाज परत येतो, गाळ, प्रवाह, मासेमारीच्या इंजिनांचा गोंगाट, यात पाणबुडी शोधणं खोल समुद्रापेक्षा अवघड.


रावपुरा_टॉवर

कोठीवाला, मूळ विषयावर परत. बिलीमोऱ्याच्या आरमाराचा खर्च, खलाशांचे पगार, गलबतांची डागडुजी हे बडोद्याच्या दप्तरात कुठे शोधताय? 'आरमार' या शीर्षकाखाली शोधाल तर हाती फार लागणार नाही असा माझा अंदाज. मी नवसारी प्रांताचे दुसऱ्या कामासाठी कागद चाळलेत. होडी, दोरखंड, तेल, राळ असल्या बाबी महालाच्या किरकोळ खर्चात घुसवलेल्या असतात.


कोठीवाला

हो, म्हणूनच जकातीच्या बाजूने जातोय. जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, माल, आणि सोबत चौकीचं गलबत गेलं असेल तर त्याचा आकार, म्हणजे आकारलेले पैसे. ओळीत एवढं असलं तरी पुष्कळ. अडचण ही की निम्मं मोडी आणि निम्मं जुन्या गुजरातीत. मोडी मला जेमतेम येते, गुजरातीतले बोडिया म्हणजे व्यापारी वहीच्या अक्षरांचे आकडे तर अजिबात नाही.


अंबिकातीर

बोडिया अक्षर माझे सासरे वाचतात. पेढीवर आयुष्य गेलं त्यांचं. फक्त सकाळी अकराच्या आत, नंतर डोळे दुखतात त्यांचे.


रावपुरा_टॉवर

मोडी मी बघते. जकातीची मोडी सोपी, तेच तेच शब्द येतात. खाजगी पत्रं मात्र आणू नका माझ्याकडे.


कोठीवाला

ठरलं. नकलेसाठी अर्ज करतो. १८०५ च्या आधीची दहा वर्षं आणि नंतरची दहा, फक्त बिलीमोरा. चौकीच्या गलबतांचा आकार कोणत्या वर्षापासून बंद होतो तेवढं आधी बघू. ओखा बंदरावर वेगळा धागा काढतो. मिठापूर_कॉलनी, तिथे पहिला प्रतिसाद तुमचा.


मिठापूर_कॉलनी

प्रतिसाद नाही, लेखच लिहिते. तुम्ही खाली प्रतिसाद द्या.